इन्स्पेक्शनचे पंधरा सेकंद: बघायचं तरी काय?

रंकाळाकाठ | शनिवार, रात्री ११:१२

मंडळी, रुबिक क्यूबवर इथे आधी एक-दोन धागे येऊन गेलेत, पण ते 'पहिल्यांदा क्यूब कसा सोडवायचा' छापाचे. माझं दुखणं त्याच्या पुढचं आहे.

वय ४३, मुक्काम राजारामपुरी, कोल्हापूर. लेकीसाठी महाद्वार रोडवरून दीडशे रुपयांचा क्यूब आणला. तिने तीन आठवड्यांत तो कपाटात टाकला आणि मी अडकलो तो अडकलोच. आता दोन वर्षं झाली. सीएफओपी पद्धतीने करतो, म्हणजे आधी क्रॉस (एका बाजूचे चार एज, म्हणजे दोनरंगी तुकडे), मग एफटूएल, म्हणजे कॉर्नर (तीनरंगी तुकडा) आणि एज यांच्या चार जोड्या, मग वरचा थर. वरच्या थराचे तुकडे जागेवर नेणारे पीएलएलचे २१ अल्गो, म्हणजे ठरलेल्या मूव्हचे क्रम, पाठ आहेत, वरची बाजू एकरंगी करणाऱ्या ओएलएलच्या ५७ पैकी तीसेक येतात, बाकीचे दोन टप्प्यांत उरकतो. घरी सरासरी २८ सेकंद. गेले सात महिने २८च. (१९८२ साली बुडापेस्टला पहिली जागतिक स्पर्धा झाली, ती मिन थाय २२.९५ सेकंदांत जिंकला. मी तेव्हाच्या जगज्जेत्यापासून पाचच सेकंद लांब आहे असं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तो जिंकला तेव्हा तुम्ही पाळण्यात होता.")

मागच्या रविवारी पुण्यात पहिल्यांदा स्पर्धेला बसलो. तिथे दर वेळी सोडवायच्या आधी क्यूब नुसता बघायला पंधरा सेकंद मिळतात, तेच इन्स्पेक्शन. शेजारच्या टेबलावर एक पोरगं, पाय जमिनीला टेकत नव्हते, ते बारा-तेरा सेकंदांत मोकळं होत होतं. ते असो. माझे पाच सॉल्व्ह असे झाले: पहिल्यात जजने "आठ सेकंद" म्हटल्याबरोबर दचकून क्यूब खाली ठेवला आणि अर्धवट बघितलेल्या क्रॉसवर सुरुवात केली, ३४. दुसरा तसाच. तिसऱ्यात ठरवलं की आता पूर्ण वेळ वापरायचा. हात टायमरवर ठेवले, दिवा हिरवा व्हायच्या आत उचलले, परत ठेवले, तोवर पंधरा उलटले, प्लस टू, म्हणजे दोन सेकंदांचा दंड. चौथ्यात विचार करत बसलो ते सतरा सेकंद उलटून गेले, डीएनएफ, म्हणजे तो सॉल्व्ह बाद. पाचवा २९.

म्हणजे पंधरा सेकंद एकदा फार झाले आणि एकदा पुरले नाहीत. घरी बसून नीट बघितलं तर लक्षात आलं की मला त्या वेळात काय करायचं हेच माहीत नाही. पांढरा एज शोधतो, दुसरा शोधतो, तिसरा सापडेपर्यंत पहिला कुठे होता ते विसरतो. मग वाटतं, चला, हात चालू झाले की सुचेल.

तुम्ही लोक त्या वेळात नेमकं काय बघता? कुठल्या क्रमाने?

तिखटजाळ | शनिवार, रात्री ११:३१

त्रेचाळिशीत तिसरा एज दिसत नाही म्हणजे चाळिशीचा चष्मा लागलाय. धाग्याची गरज नाही, डॉक्टरची आहे.

सहाबाजू | रविवार, सकाळी ७:०५

वरच्यांकडे दुर्लक्ष करा. मी शाहूपुरीत राहतो, सरासरी ११ च्या आसपास आहे, आणि मीही २८ वर वर्षभर बसलो होतो.

'तिसरा सापडेपर्यंत पहिला विसरतो' असं तुम्ही लिहिलंय, त्यातच रोग आहे. तुम्ही चार एज वेगवेगळे सोडवताय, क्रॉस सोडवत नाही. चार एजांचं सेंटरशी (बाजूच्या मधोमधच्या तुकड्याशी) काय नातं आहे ते काही दिवस विसरा. पंगतीत कोण कोणासमोर बसलंय एवढंच बघा. हिरव्यासमोर निळा, लालसमोर केशरी. पांढरा खाली आणि हिरवा तोंडासमोर धरला तर केशरी उजव्या हाताला, लाल डाव्या. झोपेतून उठवून विचारलं तरी हे आलं पाहिजे. चौघं आपसात बरोबर बसले की खालचा थर एकदा फिरवला की सगळी पंगत आपापल्या सेंटरसमोर येते. त्यासाठी दर एजला खालचा थर फिरवत बसायचं नाही.

दुसरं, सुरुवात वाईट एजपासून करा. आपण सगळे उलट करतो, जो सोपा दिसतो त्याला आधी हात घालतो. वरच्या थरात पांढरी बाजू आकाशाकडे असलेला एज अर्ध्या फेऱ्यात खाली जातो. मधल्या थरातला पाव फेऱ्यात. त्रास देतात ते दोनच: वरच्या थरात पांढरी बाजू बाहेर वळवून बसलेला, आणि खालच्या थरात उलटा बसलेला. दोघांनाही आधी मधल्या थरात आणावं लागतं, मग खाली. आता खरी गंमत: त्याला मधल्या थरात आणणारी जी मूव्ह आहे, तीच मूव्ह दुसऱ्या एखाद्या एजला जागेवर बसवते का? बऱ्याचदा बसवते. ती सापडली की दोन एजांचं एका दमात भागतं आणि लक्षात ठेवायचं ओझं निम्मं होतं.

आणि क्रॉसला भिऊ नका. चार एजांच्या मिळून १,९०,०८० स्थिती होतात. त्यांतल्या १,५५,०१२ सहा किंवा त्याहून कमी मूव्हमध्ये सुटतात. पूर्ण आठ लागतात अशा फक्त १०२. तुमचा क्रॉस दहा-अकरा मूव्ह खात असेल तर दोष स्क्रॅम्बलचा, म्हणजे क्यूब कसा विस्कटलाय त्याचा, नाही.

सरावासाठी: टायमर बंद. स्क्रॅम्बल करा, हवा तेवढा वेळ बघा. पाच मिनिटं लागली तरी चालतील, चहा घ्या. पूर्ण क्रॉस मनात जुळला की डोळे मिटा आणि करा. डोळे उघडल्यावर क्रॉस झालेला दिसला पाहिजे. दहापैकी आठ वेळा जमायला लागलं की मिनिटावर या, मग तीस सेकंद, मग पंधरा. अगदीच जमत नसेल तर सीएसटायमर या सरावाच्या वेबसाइटवर सोप्या क्रॉसचे स्क्रॅम्बल मिळतात, तीन मूव्हमध्ये सुटणारे, चारमध्ये सुटणारे. तिथून चढा.

पेठेतला | रविवार, सकाळी ९:४०

भावा, खासबागेत कुस्ती बघितलीयंस का कधी? सलामी झाली की पैलवान लगेच भिडत न्हाई. गोल फिरतोय, माती चोळतोय, नजर समोरच्याच्या पायावर. कुठला पाय पुढं, वजन कुठं. तेच हे. पहिली पकड कुठं घालायची ते ठरलं की मग हात.

तिखटजाळ | रविवार, सकाळी ९:५२

आली कुस्ती. कोल्हापूरच्या धाग्यात विषय क्यूबचा असो की करवसुलीचा, दहा प्रतिसादांच्या आत लाल माती येते. पांढरा रस्सा पण आणा आता.

पेठेतला | रविवार, सकाळी १०:०१

पांढरा क्रॉस चालतोय की तोवर. 😄

नियमवाला | रविवार, दुपारी १:१५

मी काही स्पर्धांना जज म्हणून बसलोय. धागाकर्त्याचा प्लस टू आणि डीएनएफ दोन्ही नियम नीट माहीत नसल्यामुळे झालेत, म्हणून जरा सविस्तर.

क्यूबवरचं झाकण उचललं की तुमची पंधरा सेकंदं सुरू. जज आठला आणि बाराला ओरडून सांगतो. ती सूचना आहे, 'सुरू करा' असा हुकूम नाही, त्यामुळे दचकायचं कारण नाही. पंधरा ते सतराच्या मध्ये सुरू केलंत तर दोन सेकंद वाढतात, सतराच्या पुढे गेलात तर डीएनएफ. या वेळात क्यूब उचलून हवा तसा फिरवून बघता येतो, पण एकही बाजू वळवायची नाही. बघून झालं की क्यूब चटईवर ठेवायचा, तळवे खाली करून बोटं टायमरवर, हिरवा दिवा बघायचा, मग हात उचलायचे. दिवा हिरवा व्हायला साधारण अर्धा सेकंद लागतो. तुम्ही तिथेच घाई केलीत.

हे सगळं पंधराच्या आत बसवायचं असतं. म्हणून कागदावर पंधरा असले तरी हातात साडेतेराच धरा. 'बारा' ऐकलं की क्यूब खाली, एवढी एकच सवय लावा, पुन्हा कधी प्लस टू खाणार नाही.

एक डीएनएफ आला म्हणून जीवाला लावून घेऊ नका. पाचातला सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट सॉल्व्ह काढून उरलेल्या तिघांची सरासरी धरतात, तुमचा डीएनएफ त्यात गळला. दोन असते तर सरासरीच डीएनएफ झाली असती.

अवांतर: एका हाताने सोडवायच्या प्रकारात इन्स्पेक्शनला मात्र दोन्ही हात चालतात. पहिल्यांदा येणारी निम्मी मुलं उगीच एका हाताने क्यूब फिरवत बसतात. आणि डोळे बांधून सोडवायच्या प्रकारात इन्स्पेक्शन नसतंच, झाकण उचलण्याआधीच घड्याळ चालू होतं, पाठांतरसुद्धा त्यातच मोजतात.

दोनगुणिलेदोन | रविवार, संध्याकाळी ६:२०

काका मी आठवीत हाय, सरासरी १४. तुम्हाला सगळी क्रॉसच सांगालेत पण खरा वेळ क्रॉसनंतर जातो. तुमचा व्हिडिओ काढा आनि बघा. क्रॉस संपला की तुम्ही थांबताय. मी बी थांबायचो. क्यूब हातात फिरवून पहिली जोडी शोधायला मला दोन सेकंद लागायचे. हे दोन सेकंद इन्स्पेक्शनमध्ये फुकट मिळत्यात.

मी २x२ लई खेळतो. त्यात ३६,७४,१६० च स्थिती हायत आनि जास्तीत जास्त ११ मूव्ह, त्यामुळं त्यातली भारी पोरं अख्खा सॉल्व्ह पंधरा सेकंदात बघून ठेवत्यात, मग नुसते हात. मला पूर्ण जमत न्हाई अजून पण त्यामुळं ३x३ मध्ये पुढचं बघायची सवय लागली.

सहाबाजू | रविवार, रात्री ८:४४

आठवीतल्या गुरुजींना दंडवत. बरोबर बोललास.

फक्त काकांसाठी एक दुरुस्ती: पहिली जोडी 'बघणं' म्हणजे क्रॉसच्या सहा मूव्हमध्ये ती कुठकुठे फिरेल हे सगळं मनात फिरवणं नव्हे. ते फार पुढचं. आधी असा कॉर्नर निवडा की ज्याला तुमच्या क्रॉसच्या मूव्ह हातच लावत नाहीत, किंवा एकदाच लावतात. असा एखादा जवळपास नेहमी असतो. फक्त तो कुठे जाऊन थांबेल तेवढं लक्षात ठेवा, त्याचा जोडीदार एज क्रॉस करता करता डोळ्याला दिसेल. कधी कधी कॉर्नर-एज आधीच चिकटलेले असतात, तेव्हा त्यांना न मोडणारा क्रॉस शोधायचा, एक मूव्ह जास्त गेली तरी चालेल.

यासाठीच क्रॉस खाली ठेवून करायचा. तुम्ही वर करून मग उलटा करत असाल तर ते आजपासून बंद.

रंकाळाकाठ | रविवार, रात्री ९:३०

वर करून उलटा करतो. 🙈

व्हिडिओ काढला. क्रॉस ५ सेकंद, मग तीन सेकंद मी क्यूबकडे आणि क्यूब माझ्याकडे बघतोय. तीन! पोरगं दोन म्हणत होतं.

नेमबाजाची_आई | सोमवार, दुपारी ३:१०

मला क्यूबमधलं काही कळत नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. माझी मुलगी दहा मीटर एअर रायफल करते. आमच्या जिल्ह्यात नेमबाजीचं वेड जुनं आहे, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणल्यापासून तर रेंजवर पोरांना जागा मिळत नाही. मी रोज तिथं दोन तास बसून असतो, त्यामुळं ऐकून ऐकून काही गोष्टी डोक्यात बसल्यात.

प्रत्येक शॉटआधी पोरगी तेच तेच, त्याच क्रमाने करते. पाय, कंबर, गाल, श्वास, मग डोळा. घरी सरावातसुद्धा यातली एक पायरी गाळली की सर ओरडतात. काकांनी घरी सराव करताना पंधरा सेकंदांचा गजर कधी लावला होता का? माझा अंदाज, नाही. घरी आरामात बघायचं, आणि 'आठ सेकंद' हे शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकायचे ते स्पर्धेत. दचकणारच की.

पोरीला एक सवलत आहे ती तुम्हाला नाही. धरलेला नेम स्थिर होत नसेल तर ती रायफल खाली घेऊन पुन्हा सुरू करते. तुमचं घड्याळ थांबत नाही.

सदाशिवकर | सोमवार, दुपारी ३:४५

उत्तम प्रतिसाद. फक्त 'बसून असतो' नव्हे, 'बसून असते'.

नेमबाजाची_आई | सोमवार, दुपारी ३:५८

कोल्हापुरात बसतो. पुण्याला आलो की बसते.

पेठेतला | सोमवार, दुपारी ४:०२

नाद खुळा ताई!! 🔥🔥

रंकाळाकाठ | सोमवार, रात्री १०:२०

ताई, अंदाज शंभर टक्के बरोबर. घरी इन्स्पेक्शन मोजतच नव्हतो. स्पेसबार दाबायचो आणि सुरू. आज सीएसटायमरवर आठ आणि बाराचा आवाज चालू केला. पहिल्या वेळी स्वतःच्याच घरात दचकलो.

केशरी_सेंटर | मंगळवार, सकाळी ११:००

कुणी कलर न्यूट्रॅलिटीबद्दल बोलतच नाहीये म्हणून आश्चर्य वाटलं. फक्त पांढरा क्रॉस करणारा माणूस सहापैकी एकच दार ठोठावतो. सहाही रंगांतून जो क्रॉस सोपा दिसेल तो घ्यायचा, पंधरा सेकंदांचा सगळ्यात मोठा फायदा तोच. रंकाळाकाठ, आजपासून रंग बदला. दोन महिने वेळ वाढेल, रडू येईल, मग वसूल.

सहाबाजू | मंगळवार, दुपारी १२:१५

तीव्र असहमत. नव्याने शिकणाऱ्या पोराला मीही हेच सांगेन. पण ज्याला एका रंगात चार एज लक्षात राहत नाहीत त्याला सहा रंगांतून निवड करायला लावलीत तर आठ सेकंद निवडण्यातच जातील. आणि दोन वर्षं पांढऱ्यावर घडलेले डोळे असे फिरत नाहीत, रंगांची शेजारपाजारची रचनाच बदलते. फार तर पांढरा-पिवळा दोन्ही ठेवा. त्यात हिरवा आणि निळा, लाल आणि केशरी समोरासमोरच राहतात, फक्त डावं-उजवं उलटं होतं.

केशरी_सेंटर | मंगळवार, दुपारी १२:४०

म्हणजे वय झालं म्हणून सोडून द्या?

सहाबाजू | मंगळवार, दुपारी १२:४४

वयाचा संबंध नाही, क्रमाचा आहे. आधी एक क्रॉस डोळे मिटून.

केशरी_सेंटर | मंगळवार, दुपारी १:३०

ठीक, त्यावर भांडत नाही. पण नियमवाल्यांच्या 'बारा ऐकलं की खाली' याला माझा विरोध आहे. लोक ते ऐकून बारापर्यंत थांबणं कर्तव्य समजतात. क्रॉस नवव्या सेकंदाला पक्का झाला असेल तर तेव्हाच ठेवा. बसून राहिलात तर मन भटकतं, पक्कं झालेलं पुसट होतं. माझ्या बाबतीत शेवटची तीन सेकंदं नेहमी घात करतात.

नियमवाला | मंगळवार, दुपारी २:१०

मी बारा ही शेवटची मर्यादा म्हणून सांगितली होती. पण उरलेल्या सेकंदांत तीच योजना मनात दुसऱ्यांदा फिरवली तर पुसट होत नाही, उलट घट्ट होते. नवीन काही शोधायला गेलात तर पुसट होते. बहुतेक जण शेवटच्या क्षणी 'अरे, याहून छोटा क्रॉस दिसतोय' म्हणून योजना बदलतात आणि फसतात. ती बदलू नका.

दोनगुणिलेदोन | मंगळवार, संध्याकाळी ५:५५

हे मात्र खरं. मी शेवटला बदललो की हमखास घोळ.

आनि काका अमेरिकेच्या मॅक्स पार्कनं २०२३ ला ३.१३ सेकंदांचा तेव्हाचा जागतिक विक्रम केला तेव्हा बी पंधराच सेकंद होते. जास्त कुणालाच मिळत न्हाईत.

तिखटजाळ | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

विषय एवढा रंगलाय की मीही कपाटातून क्यूब काढला. दोन स्टिकर गायब आहेत, माझं इन्स्पेक्शन त्यांना शोधण्यातच जाणार.

रूवाला | मंगळवार, रात्री ११:०५

जिल रू यांच्या पद्धतीने सोडवणारा या धाग्यावर मी एकटाच दिसतोय. आमच्यात क्रॉस नाही, पंधरा सेकंदांत डावीकडचा एक-दोन-तीनचा ठोकळा बघून ठेवायचा. नियम तोच, वाईट तुकड्यापासून सुरुवात. बाकी तुमचं चालू द्या.

रंकाळाकाठ | रविवार, रात्री ९:१५ (पाच आठवड्यांनी)

धागा वर आणतोय, कारण बऱ्याच जणांनी विचारपूस केली.

पहिले दहा दिवस फक्त डोळे मिटून क्रॉस. पहिल्या दिवशी दहापैकी एक, तोही बहुधा चुकून. केएमटीच्या बसमध्ये खिडकीशी बसून करायचो, शेजारच्या आजोबांनी एकदा विचारलं, "झोपेत करताय काय?" सगळ्यात जास्त उपयोग झाला तो वाईट एजपासून सुरुवात करण्याचा. पूर्वी मी चार वेगवेगळ्या गोष्टी लक्षात ठेवत होतो. आता दोनच राहतात, एक अवघड जोडगोळी आणि मग उरलेले दोघं, ते आपोआप दिसतात.

दुसऱ्या आठवड्यात सरासरी ३१ वर गेली. क्रॉस खाली ठेवून करायला लागलो त्याचा तो दंड. इथे लिहायची लाज वाटली म्हणून गप्प होतो. चौथ्या आठवड्यात २६ खाली, काल शंभर सॉल्व्हची सरासरी २५.४. डोळे मिटून पंधरा सेकंदांत दहापैकी सहा जमतात. पहिली जोडी अजून फार क्वचित दिसते, पण क्रॉसनंतरचा तीन सेकंदांचा मुक्काम आता दीडवर आलाय.

कलर न्यूट्रॅलिटीच्या वाटेला गेलो नाही. पिवळा मात्र अधूनमधून करून बघतो.

घरातली बातमी: लेकीने तिचा दीडशेचा क्यूब कपाटातून काढलेला नाही, पण जज व्हायला तिला आवडतं. स्वयंपाकघरातून "आठ सेकंद!" ओरडते. कधी पाचव्या सेकंदाला, कधी अकराव्या. मुद्दाम. आता दचकत नाही.

नेमबाजाची_आई | रविवार, रात्री ९:४०

पोरीला आमच्या रेंजवर पाठवा, सरांना अशीच माणसं लागतात.

सहाबाजू | रविवार, रात्री १०:०२

२५.४ झकास. आता तो दीड सेकंद. पुढच्या रविवारी सकाळी आठला रंकाळ्यावर, आम्ही चार-पाच जण बसतो. या, एकेक स्क्रॅम्बल सगळ्यांनी मिळून बघू, कोण कुठला कॉर्नर निवडतो ते समजेल.

दोनगुणिलेदोन | रविवार, रात्री १०:०९

मी बी येतो. काका तुमचा टायमर घेऊन या, माझ्या टायमरचा सेल संपलाय.